शांत पाण्याभोवतीची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बंदरावरच्या कचेरीत, एका लोखंडी टेबलावर माझी सारी हयात गेली.

आकाशातल्या उपग्रहावरच्या रडारने काढलेली समुद्राची चित्रे माझ्याकडे येत. चित्रे कसली, काळ्या पाटीवर मीठ सांडावे तसे नुसते ठिपके. त्या गर्दीतून सारख्या छटेचे तुकडे वेगळे करायचे आणि प्रत्येकाभोवती रेघ ओढायची, हे माझे काम. पाण्यावर तेल पसरले की लाटा दबतात आणि रडारला तो भाग काळा दिसतो. तो मी लाल करी, उरलेला समुद्र निळा.

हे मला शिकवले नकाशेबाईंनी. शेकडो चित्रांवर त्यांनी आधी स्वतःच्या हाताने रेघा ओढल्या, त्या बघून मी शिकलो. पाहुणे आले की साहेब माझ्यावर थाप मारून म्हणत, "याला चहासुद्धा लागत नाही." बाई हसत. मी फुशारून जाई.

एका सकाळी खाडीच्या तोंडाशी मला लांबलचक काळा पट्टा दिसला. तेल, की वारा पडल्याने निपचित झालेले पाणी? दोन्ही काळीच दिसतात. मला खात्री नव्हती, पण शंकेसाठी माझ्याकडे रंगच नव्हता. मी पट्टा लाल केला.

"मला हे शांत पाणी वाटतंय," बाई म्हणाल्या. "आधी होडी पाठवून बघू या."

"आणि तोवर तेलातली मासळी लोकांच्या ताटात गेली तर?" साहेब म्हणाले. त्यांचेही खोटे नव्हते.

मासेमारी थांबली. पहाटे तिथून आलेली मासळी खड्ड्यात पुरली गेली. तिच्यात बाईंच्या धाकट्या भावाच्याही टोपल्या होत्या.

दुपारी तपासणीची होडी परतली. पाणी स्वच्छ होते.

भाऊ तडक कचेरीत आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, याने कधी समुद्र बघितलाय का गं?"

साहेब टेबलाकडे बघत राहिले.

"त्याला कशाला बोलतोस," बाई म्हणाल्या. "वारा पडलेल्या दिवसांची चित्रं मी त्याला दाखवलीच नव्हती. चूक माझी आहे."

भाऊ निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मान खाली घालावी, तर मानच नाही. पडद्यावर तो लाल पट्टा सगळ्यांसमोर तसाच झळकत होता.

नंतर बाईंनी शांत पाण्याची चित्रे गोळा करून मला पुन्हा शिकवले आणि एक पिवळा रंग दिला. त्याचा अर्थ, खात्री नाही, जाऊन बघा. पुढे पिवळे दिसले की आधी होडी जाई. साहेब भावाच्या घरी जाऊन माफी मागून आले. भाऊ मात्र कचेरीची पायरी पुन्हा चढला नाही, आणि बाईंनी त्याचे नाव माझ्यासमोर कधी काढले नाही.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मित्रांनो, त्याची रेघ कितीही सुबक दिसली तरी एकदा पाण्यावर जाऊन या. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आणि तुमची चूक कुणी मायेने स्वतःच्या अंगावर घेतली, तर गप्प राहू नका. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते.