दुसऱ्या होलवरचा पहिला फटका

पोटावर हात ठेवून डोळे मिटा, असं सांगितलं गेलं तेव्हाच डूगल रेनीचं डोकं फिरलं होतं. उत्तर समुद्राचा वारा कानात शिरत होता आणि एडिनबरोहून आलेला हा कॅलम प्रिंगल त्याला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता. सत्तरी गाठेपर्यंत आपण काय श्वास न घेताच सुतारकाम केलं?

मुलीने, आयलीने, न विचारता त्याचं नाव या वर्गात घातलं होतं. ‘गोल्फमधून स्वतःचा शोध’ असं वर्गाचं नाव. मार्चमध्ये बायको नेट्टा गेली, तेव्हापासून डूगलने गोल्फची काठी हातात धरली नव्हती. आजही घरीच राहिलो तर पुन्हा कधी या मैदानावर पाऊल टाकणार नाही, हे त्याला कळत होतं, म्हणून तो आला होता.

पहिला होल त्याने कसाबसा पार पाडला. दुसऱ्याच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, मात्र तो थांबला तो थांबलाच.

“काय झालं?” कॅलमने विचारलं.

“इथून मी मारत नाही.”

ते नवराबायको कायम जोडीनेच खेळले. दोघांत एकच चेंडू, फटके आळीपाळीने. विषम आकड्याच्या होलवर सुरुवात डूगलची, सम आकड्याच्या होलवर नेट्टाची. दुसऱ्या होलवरचा पहिला फटका तिचाच.

कॅलमने मान हलवली. “डूगल, दुःख हीसुद्धा एक संधी असते. वाढण्याची. नेट्टा आता तुमच्या आत आहे.”

“माझ्या आत सकाळची लापशी आहे,” डूगल म्हणाला. “नेट्टा चर्चमागे पुरलीय. खड्डा मी पाहिलाय. आणि तिच्या मरण्याने मी वाढावं, असं म्हणतोस? कोणासाठी? एवढ्यासाठी ती मेली का रे?”

कॅलम लाल झाला. मग तो आपली काठी घेऊन पुढे आला. “बरं. तिची पाळी मी घेतो.”

डूगलला ते आवडलं नाही, पण त्याने अडवलंही नाही. कॅलमने जोरात मारलं. चेंडू उजवीकडे वळला आणि थेट गोर्सच्या काटेरी झुडपांत शिरला.

“माफ करा,” कॅलम म्हणाला.

“जोडीच्या खेळात माफी मागत नाहीत.” डूगलचा आवाज चढला. “एवढंही ठाऊक नाही आणि आम्हाला शिकवायला आलास? एकाने चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला, तर दुसऱ्याने तिथून काढायचा. नेट्टा काय म्हणायची माहितीय? ‘झुडपात गेला.’ बस. आणि सँडविच काढून खायला लागायची.”

“कदाचित तुम्हाला तुमचा राग भेटावा म्हणूनच तो तिकडे गेला असेल.”

“तो तिकडे गेला, कारण तुझं मनगट वळलं.”

डूगल तरातरा खाली उतरला. गोर्स कमरेपर्यंत होतं. चेंडू मुळाशी अडकला होता, अगदी वाईट जागी. काटे बाहीतून आत टोचत होते. त्याला कॅलमचा राग होता, न विचारता नाव घालणाऱ्या आयलीचा होता, आणि सगळ्यांत जास्त नेट्टाचा. दवाखान्यात जाणं ती महिनोन्‌महिने टाळत राहिली. ‘काही नाही रे, पित्त आहे,’ म्हणाली. आणि मग त्याला असल्या जागी टाकून गेली. एका शब्दाने बोलली नाही. माफी तर नाहीच.

 वरून कॅलमने हाक मारली, “श्वासाकडे लक्ष द्या.”

“तू गप्प बस.”

त्याने पाय रोवले आणि मारलं. पानं उडाली, मनगटावर लांब ओरखडा उठला. चेंडू जेमतेम बाहेर आला आणि मोकळ्या गवतावर, दहाबारा पावलांवर जाऊन थांबला. फटका काही बघण्यासारखा नव्हता.

डूगल काटे झाडत बाहेर आला. कॅलम तोंड उघडणार, इतक्यात त्याने काठीने चेंडू दाखवला.

“आता काय शिकलो ते विचारू नकोस. तुझी पाळी आहे. आणि मनगट सरळ ठेव.”

एवढं बोलून तो पुढे चालू लागला, कॅलमच्या फटक्याने चेंडू जिथे पडायला हवा तिकडे.