मनकर्णाच्या खाणावळीतली काठवट

एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी काठवट. ज्वारीचं पीठ मळायची, भाकरी थापायची लाकडी परात. माझं मूळ चिखलदऱ्याच्या डोंगरातलं एक शिवणीचं झाड. अमरावतीच्या एका सुतारानं त्याच्या बुंध्यातून मला कोरून काढलं आणि गोदाबाईच्या बापानं तिच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. ती सासरी आली तेव्हा गाडीत तिच्या मांडीवर मीच होते.

माझ्याएवढी मोठी काठवट अमरावतीतल्या आमच्या आळीत दुसरी नव्हती. त्यामुळे कोणाकडे लग्न असो, बारसं असो की मेलेल्याची तेराव्या दिवसाची तेरवी असो, बायका मलाच मागायला येत. दहा घरांच्या चुलीजवळ बसलेली मी. कोणती सून रडत रडत पीठ मळते आणि कोणती सासू चोरून गूळ खाते, मला सगळं ठाऊक. चौकसपणा मात्र मी गोदाबाईकडूनच शिकले. आळीत कोणाच्या दाराशी नवीन जोडा दिसला, तरी तो कोणाचा हे कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

गोदाबाईच्या शेजारी मनकर्णा राही. गोदाबाईची जिवाभावाची मैत्रीण. तिचा नवरा गोवर्धन, त्याचा भाजीचा मळा होता. एका पावसाळ्यात तो तापानं गेला. दीर जानराव नांदगावचा. त्यानं मळा आपल्या ताब्यात घेतला आणि वहिनीला म्हणाला, "चाल आता माह्या घरी. दोन टाइम खाशीन, घरचं काम करशीन."

मनकर्णा म्हणाली, "मी खानावळ काढतो."

जानराव हसला. पण तिचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. ती कापसाची वर्षं होती. सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. अकोल्याच्या वाटेवरून गाड्यांची रीघच लागे. मनकर्णाचं घर नेमकं त्या वाटेवर, कापूसबाजाराच्या तोंडाशी. गाडीवान तीन दगड मांडून कसंबसं शिजवत, अर्धं कच्चं खात.

"ठीक हाये," जानराव म्हणाला. "पुढच्या बाजारच्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. तवापर्यंत जमलं तं जमलं. नाही तं मुकाट्यानं गाडीत बसायचं."

म्हणजे हाती आठ दिवस. त्याच संध्याकाळी गोदाबाईनं मला डोक्यावर घेतलं आणि मनकर्णाच्या चुलीपुढे आणून ठेवलं. "घे. तुही खानावळ चालेपरयंत हे तुहीच."

मनकर्णानं दारापुढे पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घातला, अंगण सारवलं. आणि रांधलं काय? तर जे तिला सगळ्यांत सुरेख येई ते. उडदाचे वडे आणि कढी. तिच्या हातच्या वड्यांसाठी आळीभर तिला बोलावणी येत. बारा पत्रावळी ओळीनं मांडल्या, पाण्याचे गडवे ठेवले, आणि पांढरं लुगडं नेसून ती उंबऱ्याशी उभी राहिली.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे गाडीवान यायचे, मांडवात डोकावायचे, पत्रावळींकडे बघायचे, मनकर्णाकडे बघायचे. मग मान खाली घालून हात जोडायचे आणि चूपचाप पुढे निघायचे. मनकर्णाही हात जोडी. एकानं तर पागोटं काढून नमस्कार केला.

"लोकं भले हायेत वो," ती गोदाबाईला म्हणे, "पन बसत काहून नाही?"

रोजचे वडे आळीत वाटले जात. पाचव्या दिवशी तिनं पीठ मळायला घेतलं तेव्हा तिचे हात थंड होते. माझ्या लाकडाला ते कळलं. भाकरीची कड फाटत होती, आणि तिच्या हातची भाकरी कधी फाटत नसे.

सहाव्या दिवशी गोदाबाईला राहवेना. पदर खोचून ती थेट रस्त्यावर गेली. किसनराव म्हणून अकोल्याकडचा एक थोराड गाडीवान होता. दहा गाड्यांचा तांडा त्याच्या मागून चाले. तो नुकताच हात जोडून मांडवापुढून निघाला होता. तिनं त्याच्या बैलाची वेसणच धरली.

"काहून बाप्पा, चार दिवसापासून पाहून राहिली मी. येता, हात जोडता, जाता. जेवाले काय होते तुमाले?"

किसनराव गडबडला. आवाज खाली आणून म्हणाला, "माय, वळख ना पाळख, कोनाच्या तेरवीले कसं जेवाव?"

"कोनाची तेरवी?"

"तेच तं आमी इचारून राहिलो. कोन गेलं ह्या घरचं? रोज पंगत मांडून राहिली बिचारी. तेरवीचाच कढी-वड्याचा वास येते, बाई पांढरं नेसून दारात उभी. आमी म्हनलं, मोठं घर असन, लय दिवस जेवनं चालू हायेत."

गोदाबाईनं कपाळावर हात मारला. मग ती हसायला लागली, आणि हसत हसतच परत आली. मनकर्णाला सांगताना तिला शब्द फुटेनात. ऐकून मनकर्णा मात्र हसली नाही. ती माझ्यापाशी खाली बसली आणि पिठात बोट फिरवू लागली.

"मले तेवढंच येते वो," ती म्हणाली. "लोकाच्या घरी तेरवीले जाऊन जाऊन हात तसाच झाला."

"मंग तेरवीले जे कोनी करत नाही, ते कर," गोदाबाई म्हणाली.

मनकर्णानं मान वर केली. तिचा चेहरा मी खालून पाहिला. तो आता गाडीत बसणाऱ्या बाईचा चेहरा नव्हता.

"भरीत," ती म्हणाली. "आन् कांदा. कच्चा, फोडून."

बाजारचा दिवस उजाडला. मनकर्णानं पांढरं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं आणि हिरवट, जुनं, कामाचं नेसली. चूल आत ठेवलीच नाही. रस्त्याच्या कडेला तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा जाळ केला आणि टोपलीभर वांगी त्यात भाजायला टाकली. सालं करपल्याचा वास बाजारभर पसरला. हिरव्या मिरच्या, लसूण, वरून कच्चं तेल. माझ्यात त्या दिवशी पीठ असं मळलं गेलं की माझ्या अंगाला घाम फुटावा. भाकऱ्या पुरणपोळीच्या घडीसारख्या मऊ झाल्या.

तरी गाडीवान लांबच उभे. हात जोडायचे नाहीत एवढं त्यांना कळलं होतं, पण पुढे कोण होणार?

"मी जेवतो," गोदाबाई म्हणाली. "तू बी बस माह्याजवळ."

"मी? अवं, लोकाइनच्या समोर? आधी पावने जेवतीन, मंग मी."

"तेरवीच्या घरातच बाई सगळ्याच्या मागून जेवते. बस म्हनतो ना!"

आणि त्या दोघी मांडवात, भर दुपारी, भर रस्त्याला तोंड करून जेवायला बसल्या. बाईमाणसानं असं बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गोदाबाईनं बुक्कीनं कांदा फोडला आणि अर्धा तिच्या पुढ्यात टाकला. "कसं झालं ते मोठ्यानं सांग. मी बहिरी हाये असं समज."

"तिखट झालं!" मनकर्णा ओरडली.

"मंग अजून वाढ!"

नेमका तेव्हाच जानराव गाडी घेऊन उभा राहिला. "वहिनी! रस्त्यावर बसून जेवून राहिली तू? ऊठ, चाल, बस गाडीत. घरान्याची अब्रू घालवली."

मला वाटलं, आता उठते. तिचा हात थांबला होता खरा. पण तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला आणि शांतपणे म्हणाली, "जेवल्याशिवाय मी उठत नसतो भाऊजी. आन् जेवल्यावर मले भांडे घासाचे हायेत. तुमी जा."

"जा म्हनजे?"

मागून किसनरावाचा जाड आवाज आला. "दादा, बसता का सरकता? जागा अडवून राहिले तुमी. माह्यामांगं दहा जन भुके हायेत."

जानराव सरकला. किसनराव मांडी घालून बसला, मग त्याचे दहाही जण. पत्रावळी कमी पडल्या, भाकऱ्या कमी पडल्या, आणि मी पुन्हा पिठाखाली गेले. नांदगावची गाडी रिकामीच परतली.

त्याला आता काही वर्षं झाली. ती दूरची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, गाड्याही पातळ झाल्या. माझ्या बुडाला चीर पडली आहे, सुतारानं ती राळेनं भरली. गोदाबाईनं मला अजून परत मागितलेलं नाही. ती रोज दुपारी येते, मनकर्णाजवळ बसून जेवते आणि कोण आलं, कोण गेलं ते विचारते. कधी पंगतीत चारच माणसं असतात. मनकर्णा तरी पहाटे पीठ मळायला बसतेच.

तेव्हा बाबांनो, अकोल्याच्या वाटेनं अमरावतीत शिरताना जाळावर वांगी भाजल्याचा वास आला, तर हात जोडून पुढे जाऊ नका. आत या, बसा. ह्या घरी आता कोणाची तेरवी नाही. इथं एक बाई राहते, रांधते, जेवते.