लाँड्रीतलं घड्याळ

घड्याळजींनी पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत 'दुकान कायमचं बंद' असं लिहिलं आणि तो टेबलाखाली सरकवला. अजून लावायचा धीर होत नव्हता, इतकंच.

कारण होतं लाँड्रीवाल्या बाईंचं लंबकाचं घड्याळ. तीनदा दुरुस्त केलं. दुकानात आठवडाभर टांगलं की सेकंदाचीही चूक नाही, अगदी शहाण्यासारखं वागायचं. लाँड्रीत गेलं की आठवड्याला दोन मिनिटं मागे! बाई बिचाऱ्या गोड बोलायच्या, "काका, राहू द्या हो, वय झालं." झालं! ते वाक्य घड्याळजींच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांच्या वेळा सांभाळल्या, तेच आता दगा देतायत, या विचाराने त्यांचं जेवणावरून मन उडालं.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. दुपारी डबा घेऊन आली, तर मागच्या खेपेचा डबा तसाच.

"बाबा, काय झालंय? आणि 'काही नाही' म्हणू नका."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. सुनेने एकच विचारलं, "लाँड्रीत ते टांगलंय कुठे?"

"इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर. का?"

"उद्या सांगते," म्हणत ती गेली. दुसऱ्या दिवशी शाळेचा तापमापक घेऊनच आली. दुकानात बावीस अंश, लाँड्रीतल्या त्या भिंतीपाशी बेचाळीस!

"लंबकाची दांडी पितळेची ना? पितळ तापलं की लांबतं. दांडी लांबली की झोका सावकाश. आता किती सावकाश, ते बघू. कागद द्या."

कागद सापडेना. तिने टेबलाखालचा पुठ्ठा ओढला आणि कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. "एका अंशाला दहा लाखांत एकोणीस भाग वाढ. वीस अंशांना तीनशे ऐंशी. वेळेवर परिणाम त्याच्या निम्मा, म्हणजे एकशे नव्वद. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. गुणा." पेन्सिल थांबली. "दिवसाला सोळा सेकंद. आठवड्याचे?"

घड्याळजींचे ओठ हलले. "एकशे... अगं, जवळजवळ दोन मिनिटं!"

"मग? तुमचे हात ठणठणीत आहेत, बाबा. तुम्ही घड्याळ थंडीत लावत होता आणि ते चालत होतं भट्टीत."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. छातीवरचं ओझं उतरलं आणि डोळे भरून आले. लाज वाटली, पण पुसले नाहीत. मग स्वतःवरच रागावले, "चाळीस वर्षं या धंद्यात, आणि भिंतीला हात लावून बघायची अक्कल नाही मला!"

त्याच संध्याकाळी लाँड्रीत, त्याच उकाड्यात उभं राहून त्यांनी लंबकाची लांबी घटवायला खालची चकती फिरवून वर सरकवली. पाव फेरीहूनही कमी. आठवड्याने बाईंचा फोन आला, "काका, एका सेकंदाचाही फरक नाही हो!"

सून दुकानातच होती. आनंदाने तिने पुठ्ठा उचलला आणि सहज उलटला. तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे काय?"

"काही नाही. पाठकोरा होता." त्यांनी पुठ्ठा हळूच तिच्याकडून घेतला आणि हिशेबाची बाजू बाहेर करून दारावर ठोकला.

आता गिऱ्हाईकं विचारतात, "काका, हे आकडे कसले?"

"माझ्या हातांचं सर्टिफिकेट आहे," ते म्हणतात आणि भिंग डोळ्याला लावतात.