अख्खा पर

टोइवो परसातल्या सौनात वाफ घ्यायला शिरला, तशी आयलीने खुंटीवरचं त्याचं जाकीट काढलं, उजवी बाही नाकाशी नेली आणि हुंगली.

परक्या बाईच्या अत्तराचा वास शोधावा तशी ती माशाचा वास शोधत होती. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर असला संशय घ्यायची वेळ कधी आली नव्हती. आता उतारवयात ती आली, तीही एका माशापायी, याचं तिचं तिलाच हसू येत होतं. पण बाहीला वास होता, आणि कफाच्या घडीत नखाएवढा एक खवला चिकटलेला होता.

टोइवो लालबुंद होऊन, टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आला, तेव्हा तिने तो खवला बशीत ठेवून त्याच्यापुढे सरकवला.

“हे काय आहे?”

“खवला.”

“ते मलाही दिसतंय. मासा कुठाय?”

“नदीत. पर होता त्याला.”

“अख्खा?”

“अख्खा. पाठीवरून बोट फिरवून पाहिलं ना मी. नियम म्हणजे नियम.”

एवढं बोलून तो कॉफी ओतायला वळला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

नियम आयलीला कुणी शिकवायला नको होता. ऑल्डर नदीत चढून येणारे स्टीलहेड मासे दोन तऱ्हेचे. काही नदीतच जन्मलेले, आणि काही वरच्या अंगाला असलेल्या हॅचरीत वाढवून सोडलेले. हॅचरीतल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा चिमुकला पर ओळखीसाठी कापून टाकतात. पर नसलेला मासा घरी न्यायचा, पर असलेला सोडून द्यायचा. हे पर कापायचं काम आयलीने एकवीस उन्हाळे केलं होतं. पत्र्याच्या खोलीत, बायकांच्या रांगेत उभं राहून, बर्फासारख्या पाण्यात हात घालून दिवसाला पाच-सहा हजार पिल्लं. ती डावखुरी, त्यामुळे तिचा काप इतरांच्या उलट तिरपा जायचा. आयलीचे मासे समुद्रातूनसुद्धा ओळखू येतील, असं बाकीच्या बायका चिडवायच्या. अडीच वर्षांपूर्वी तिने कात्री खाली ठेवली, तोवर बोटं कायमची आखडली होती, आणि ओल या गोष्टीचाच तिला वीट आला होता.

ओरेगॉनच्या त्या किनाऱ्यावर ओल नसलेली जागा मिळणं कठीण. त्यांची मुलगी रोंडा ॲरिझोनात राहायची, आणि तिथे म्हणे छत्र्या विकतच नाहीत. तिने घरामागे आईबापासाठी एक खोली बांधून घेतली होती. गेल्या एप्रिलमध्ये टोइवो तिकडे जायला कबूल झाला, पण एका अटीवर.

“एक मासा घरी आणतो. या टेबलावर बसून दोघं खाऊ. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.”

आयलीला वाटलं, फार तर महिना. त्याच आठवड्यात तिने दुकानातून रिकामी खोकी आणली.

जूनमध्ये उन्हाळी मासे आले, तर नदी आटली. मासे खडकांच्या सावलीत जाऊन बसलेत आणि तोंड उघडायला तयार नाहीत, असं टोइवो म्हणाला. ऑक्टोबरात म्हणाला, गळाला नुसती पानं लागतात. डिसेंबरात हिवाळी मासे चढू लागले, तर पूर येऊन पाणी कोऱ्या चहासारखं झालं. जानेवारीत त्याचा गुडघा सुजला. आयली रोज संध्याकाळी दुखऱ्या बोटांनी त्याच्यासाठी गळावर पिसं बांधून नारंगी-काळ्या खोट्या माश्या तयार करायची. माशी चांगली तर मासा लवकर, आणि मासा लवकर तर या ओलीतून सुटका. बिडाचा मोठा तवा तिने खोक्यात भरला, काढला, पुन्हा भरला. खिडकीशी जायची, परत यायची, सुटत चाललेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवायची. बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर काय करायला उठलो ते आठवायचं नाही. दर रविवारी रोंडाचा फोन यायचा. “आई, बाबांना मिळाला का?” आणि दर रविवारी आयलीला कुणाची तरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

आता मार्चची तीस तारीख उजाडून मावळायला आली होती. उद्याचा दिवस गेला की नदी बंद.

“उद्या मी येते तुझ्याबरोबर,” आयली म्हणाली.

“कशाला? गारठा असतो.”

“बोट फिरवायला.”

टोइवोने कॉफीत साखरेचा तिसरा चमचा घातला. एरवी तो दोनच घ्यायचा.

सकाळी पुलावर एल्मर होताच. नदीत कोण उतरलं आणि कोण रिकाम्या हाताने वर आलं, याची खबर ठेवणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

“काय टोइवो, आज पोलीस बरोबर?”

“जामिनावर सुटलोय,” टोइवो म्हणाला.

“आयली, फार आशा ठेवू नकोस गं. याला वर्षभरात नुसती सर्दी लागलीय.”

आयलीने हसल्यासारखं केलं. आतून तिची चडफड चालली होती.

त्या पाण्याची रीत ठरलेली. दोर फेकायचा, माशी प्रवाहाबरोबर वळत काठाशी येऊ द्यायची, मग एक पाऊल खाली सरकायचं. पुन्हा फेक, पुन्हा पाऊल. एका जागी ठाण मांडायचं नाही. टोइवो तासन् तास तसा सरकत राहिला, आणि आयली काठावरच्या आडव्या ओंडक्याशी या पायावरून त्या पायावर होत त्याची प्रत्येक फेक बघत राहिली. त्याचं काही चुकत नव्हतं. दुपार कलली तेव्हा त्याचा गुडघा एकदम लचकला. आयलीने पाण्यात शिरून त्याचा पट्टा धरला आणि त्याला ओंडक्यापर्यंत आणलं.

“झालं,” तो बसत म्हणाला. “हंगाम संपला म्हणायचा.”

त्याच्या आवाजात दुखण्यापेक्षा सुटल्याचीच भावना जास्त होती. ती ऐकून आयलीचं डोकंच फिरलं.

“दे इकडे ती काठी.”

“तू?”

“माश्या मी बांधायच्या, पर मी कापायचे, मग काठी धरायला मला काय धाड भरलीय? परवाना माझाही आहे.”

हॅचरीतले जुने, मांडीपर्यंतचे रबरी बूट तिने घातलेलेच होते. लग्नाआधी याच पाण्यावर टोइवोने तिला दोर फेकायला शिकवलं होतं. पहिल्या चार-पाच फेकी लोकरीच्या गुंत्यासारख्या पडल्या. मग हाताला हळूहळू आठवलं. फेक, पाऊल. फेक, पाऊल. किती दिवसांनी तिचं डोकं दुसरीकडे कुठे धावत नव्हतं.

अकराव्या की बाराव्या पावलावर काठी वाकली आणि रीळ करकरायला लागलं.

“पळू दे,” टोइवो मागून म्हणाला. “ओढू नकोस. पळू दे त्याला.”

“कळतं मला.”

कळत काहीच नव्हतं. मासा खाली पळाला, वर आला, पाण्याबाहेर उसळला आणि तळाशी जाऊन अडून बसला. त्याचा प्रत्येक हिसका कोपरापर्यंत येत होता. आयलीची बोटं ठणकत होती, आणि तिला रडू येतंय की हसू, तेच समजत नव्हतं. बऱ्याच वेळाने तो थकला, कुशीवर झाला, आणि तिने त्याला घोटाभर पाण्यात आणला. टोइवो लंगडत चार हातांवर येऊन उभा राहिला.

आयली गुडघ्यांवर बसली. एका हाताने तिने शेपटीचा बुंधा धरला. दुसरा हात सवयीने आपसूक पाठीवर गेला.

पाठ गुळगुळीत होती. शेपटीजवळ बारीकसा व्रण होता, आणि तो उलट तिरपा होता.

तिने बोट पुन्हा फिरवलं. हा तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातला असणार. तेव्हा बोटाएवढा होता. तळहातावर घेतला, कातरला, पुढच्या टाकीत टाकला, दिवसाला पाच-सहा हजारांतला एक. एकवीस वर्षांत तिने हजारो-लाखो पिल्लं अशी पुढे टाकली, पण त्यांतलं एखादं पुन्हा आपल्या हाताशी येईल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. हा समुद्रात जाऊन आला होता. सगळा समुद्र मोकळा असताना या गारठलेल्या, ओल्या जागी परत आला होता. आणि त्याच्या डोक्यात दगड घालायचा, तो कशासाठी, तर आपल्याला इथून निघता यावं म्हणून. तिला ते जमेना. साधं होतं ते, पण जमेना.

“काय म्हणतो?” टोइवोने विचारलं. “पर आहे?”

पाणी नितळ होतं. ऊन थेट माशाच्या पाठीवर पडलं होतं.

“आहे,” आयली म्हणाली.

“अख्खा?”

“अख्खा.”

टोइवो माशाकडे बघत राहिला. मग बायकोकडे. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“मग सोडावा लागेल,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

तिने गळ काढला आणि माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं. त्याच्या अंगात पुन्हा जोर भरला, तसा तो तिच्या हातांतून गेला.

वाटेत टोइवोने तिच्या खांद्यावर भार दिला होता.

“या वर्षी असे अख्खे किती मिळाले तुला?” आयलीने विचारलं.

“पाच.”

दहा-बारा पावलं गेली.

“दोन तर खरंच अख्खे होते,” टोइवो म्हणाला.

आयलीने त्याला कोपर मारलं, पण गुडघा जपून.

दार उघडलं तर फोन वाजतच होता. आज रविवार नव्हता, पण हंगामाचा शेवटचा दिवस रोंडालाही ठाऊक होता. आयलीने ओल्या जाकिटासकट फोन घेतला.

“आई, मिळाला का बाबांना?”

“नाही गं. बाबांना नाही मिळाला.”

“खोलीला पडदे लावलेत मी,” रोंडा म्हणाली. “पिवळे. तुला आवडतात तसे.”

हे दुःख आयली स्वतःच्या हाताने नदीतून घेऊन आली होती, आणि ते आता फोनवरून तिकडे पोचवायचं होतं.

“राहू देत पडदे,” ती म्हणाली. “थंडीत येऊ आम्ही महिनाभर. पाहुणे म्हणून.”

“आणि कायमचे?”

टोइवो दोन पेले घेऊन टेबलापाशी आला होता. त्याने तिची बाही उलटून कफाच्या घडीतला खवला अलगद सोडवला आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

“उन्हाळी मासे जूनमध्ये येतात,” आयली म्हणाली, आणि मोकळ्या हाताने जवळच्या खोक्यावरची चिकटपट्टी सोलू लागली. तवा त्यातच कुठेतरी होता.