जिनसेंगचं वाण

आश्लेषाच्या बेसमेंटमध्ये त्या शनिवारी चाळीस बायका आणि जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने त्यांचे नवरे. बाहेर शिकागोजवळचं आमचं नेपरव्हिल बर्फाखाली गेलेलं, आत काळ्या साड्या, तिळगुळाचे डबे आणि मधोमध एनर्जीवाले संग्रामजी. नावाला संक्रांतीचं हळदीकुंकू. कुंकवाच्या करंड्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

संग्रामजींनी माझ्या मैत्रिणीला, सरलाला, पुढे बोलावलं. "काकू, हात आडवा धरा." दोन बोटांनी त्यांनी तो दाबला आणि हात झपकन खाली आला. मग तबकातली एक लाल पोटली त्यांनी तिच्या दुसऱ्या मुठीत दिली. "आता जोर लावा! लावा काकू!" मान लाल होईपर्यंत ते दाबत राहिले. बहात्तर वर्षांच्या सरलाचा हात जागचा हलला नाही.

"अगंबाई!" "ओह माय गॉड!" टाळ्याच टाळ्या.

"हे पाचशे वर्षं जुनं जिनसेंग," संग्रामजी डोळे मिटून म्हणाले. "दोन पाय, दोन हात, मूळ नाही, माणूसच! चिनी सम्राटांचं औषध. माझ्या गुरूंनी एकवीस दिवस मौन पाळून डोंगरावरून उपटलेलं. मुठीत घेताच क्वांटम एनर्जी अलाइन होते. हार्ट, किडनी, शुगर, सगळं ऑटोपायलटवर!"

पाचशे वर्षांची साठ मुळं आश्लेषाकडे एका खोक्यात, कुरियरने आली होती. हे ऋषी चार वर्षांपूर्वी शॉमबर्गला कार इन्शुरन्स विकत होते. पण त्यांच्या एका हुशारीला मी मानते. मूळ विकायचं नाही, संक्रांतीचं वाण म्हणून लुटायचं. सवाष्णीने वाण नाकारायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. एकदा घरात आलं की मग दर महिन्याला मागवलं जातंच.

मी रेखा. तीस वर्षं फार्मसिस्ट होते. गेल्या संक्रांतीला मी नागपूरला आजारी बहिणीपाशी होते, तेव्हा शेजारणीने माझ्या नावचं हेच वाण घरी पोचवलं. माझे यजमान मनोहर यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची टेस्ट. जिनसेंगने त्या गोळीचा असर कमी होऊ शकतो, हे माझ्या दुकानात नव्याने लागलेल्या पोरीलाही पाठ असायचं. मनोहर ते मूळ रोज उकळून प्यायला लागले. मला विचारलं नाही, संग्रामजींना विचारलं. उत्तर आलं, "सुई टोचली की एनर्जी लीक होते. टेस्ट थांबवा."

दोन टेस्ट चुकल्या. मेंदूत गुठळी गेली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुळाचा दोष किती आणि चुकलेल्या टेस्टचा किती, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. टेस्ट कुणाच्या सांगण्यावरून चुकल्या, ते मला माहीत आहे. मी मनोहरांच्याच फोनवरून संग्रामजींना कळवलं, तर त्यांनी लिहिलं, "श्रद्धा कमी पडली."

तेव्हापासून मी संधीची वाट बघत होते. होय, सूडच. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायची मला गरज वाटत नाही.

मधे एकदा शिकागोच्या चायनाटाउनमध्ये एका म्हाताऱ्या औषधवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी माझी नाडी बघितली, जीभ बघितली, झोप विचारली, चालू गोळ्यांची यादी मागितली, आणि जिनसेंग दिलंच नाही. "हे अशक्त माणसाला, बेताने, इतर औषधांबरोबर द्यायचं असतं," म्हणाल्या. त्यांच्या शास्त्रातलं सगळंच मला पटतं असं नाही. पण त्यांनी विचारलं तरी.

टाळ्या थांबल्या तशी सरला माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. तीही तीच गोळी घेते. "रेखा, वाण मिळणार म्हणून कालपासूनच गोळी बंद केली बघ. आता तर खात्रीच पटली."

मी उठले.

"संग्रामजी, ती पोटली इथेच उघडा."

"नो नो, काकू! ब्राह्ममुहूर्ताआधी उघडली तर एनर्जी उडून जाते."

"रेखाकाकू, प्लीज, सीन नको ना," आश्लेषा कुजबुजली.

"आश्लेषा, पोटल्या कुणी भरल्या?"

"तुम्हीच. तुम्हीच खोकं घरी नेलंत, म्हणालात हे काम मी करते."

मी सरलाच्या पोटलीचा दोरा तोडला आणि मूळ तिच्या नाकाशी धरलं. तिने वास घेतला. "अगं, हे तर पार्सनिप! सूपमध्ये घालतो ते पांढरं गाजर!"

"साठही पोटल्यांत तेच आहे. ग्रोसरीतून आणून, सोलून, ओव्हनमध्ये वाळवलेलं. दोन तंगड्यांची मिळवायला तीन दुकानं पालथी घातली मी. यांची मुळं माझ्या घरी बरणीत आहेत."

"धिस इज चीटिंग!" संग्रामजी ओरडले.

"कुणाचं? पार्सनिप धरून सरलाचा हात का हलला नाही, ते सांगा."

"ती... माझ्या हातातली एनर्जी."

"मघाशी मुळातली होती!" पायऱ्यांवरून कुणीतरी बोललं आणि पहिल्यांदा हशा पिकला.

पायरीवर बसलेल्या, जिमला जाणाऱ्या विनयला मी पुढे ओढलं. "हात आडवा धर." तो सावरायच्या आत मनगटावर दाबलं, हात खाली. मग त्याच्या दुसऱ्या हातात टीव्हीचा रिमोट दिला, "जोर लाव!" म्हणून ओरडले आणि कोपराजवळ दाबलं. माझा सगळा भार टाकला तरी हात हलेना. "दार बिजागरीजवळ ढकलून बघा, हलत नाही. कडेला ढकला, एका बोटाने उघडतं. पहिल्यांदा हे बेसावधपणी मनगट दाबतात, दुसऱ्यांदा सावध करून कोपर. बस्स, एवढंच आहे चिनी सम्राटांचं गुपित."

बायकांनी तिथल्या तिथे एकमेकींचे हात दाबून बघितले. संग्रामजी कोट उचलून जिन्याकडे निघाले. तिथे पायथ्याशी, चौघांनी उचलून खाली आणलेले मनोहर व्हीलचेअरवर बसले होते. मी वाट अडवली आणि मनोहरांच्या फोनवरचे त्यांचे सगळे मेसेज मोठ्याने वाचले, सुई आणि श्रद्धेसकट. "याच्या प्रती राज्याच्या तक्रार विभागाकडे गेल्यात," मी सांगितलं.

त्यांना घाम फुटला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वर दारापाशी ऐंशी जोड्यांच्या ढिगात ते आपले बूट शोधत राहिले आणि कुणी मदतीला गेलं नाही.

"रेखा, कालची गोळी राहिलीय गं. आता काय करू?" सरलाने विचारलं.

"डॉक्टरांना फोन लाव. आत्ता."

तिने सगळ्यांसमोर लावला.

बायांनो, वाण जरूर घ्या, वाटी घ्या, चमचा घ्या. पण जे पोटात जाणार आहे त्याची चौकशी करण्यात कसला आलाय अपमान? कुणी मुठीत वस्तू देऊन ताकद दाखवली, तर आत काय आहे हे त्यालाही माहीत नसताना तोच चमत्कार परत करायला लावा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा टेस्ट थांबवू नका. हे मनोहरांनीच तुम्हाला सांगितलं असतं. पण त्यांना आता माझ्या नावाची दोन अक्षरंही उच्चारता येत नाहीत.