पाटीवर न लिहिलेलं

लियाकत भोर ते नसरापूर माणसं भरून वडापची जीप चालवायचा. त्याची बायको हसीना लेकीला, सानियाला, घेऊन कामथडीला माहेरी गेली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. कामथडी वाटेवरच. दिवसातून आठ वेळा जीप त्या फाट्यावरून जायची, आणि उतरणारं कुणी नसलं तरी त्याचा पाय ब्रेककडे वळायचा.

कोर्टानं ठरवून दिलं होतं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा ते एक, भोरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बापानं लेकीला भेटावं. सहा शनिवार तो इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसला. कधी पोरीला ताप, कधी परीक्षा, कधी कुणाचं लग्न. सासऱ्यांचा निरोप यायचा, पोर यायची नाही.

मार्गासनीच्या कुंडलिकची तीच गत होती. त्याचा मुलगा आईकडं. एकदा जीपमध्ये शेजारी बसून तो म्हणाला, "पुण्यात आपल्यासारखे बाप धरणं धरणार हायेत. हितं व्हरांड्यात बसून कोण इचारतंय? चल."

पुण्याला कलेक्टर कचेरीसमोर चाळीसेक बाप जमले होते. कुणी बँकेतला, कुणी भाजीवाला. एकानं पोराची शाळेची पाण्याची बाटली गळ्यात अडकवली होती. लियाकतनं पुठ्ठ्यावर लिहून नेलं होतं, 'सानिया, तुझा अब्बा वाट बघतोय.' घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच कोसळलं. पेपरवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या तालुक्यानं पाहिला. जीपमधली माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरायची.

आणि पुढच्या भेटीच्या शनिवारी सानिया आली.

सासऱ्यांनी, तिच्या नानांनी, तिला व्हरांड्यात सोडलं आणि ते लांब झाडाखाली जाऊन बसले. केवढी उंच झाली होती! दहावं वर्ष सरलं होतं तिचं. लियाकत उठला, हात पसरले, पण ती खांबापाशीच थांबली.

"अब्बा, माझं नाव का लिहिलं?"

"तुला कळावं म्हणून, बेटा. मी वाट बघतोय हे तुला कोण सांगणार?"

"वर्गात सगळ्यांनी पेपर बघितला. माझा अब्बा रस्त्यावर रडतो म्हणून पोरी चिडवतात." ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "त्या दिवशी तुमी अम्मीला उंबऱ्यावरून ढकललं. तिचा हात मोडला. ते का न्हाई लिहिलं?"

लियाकत बाकावर बसला. तो दिवस त्यानं वकिलाला सांगितला नव्हता, कुंडलिकला सांगितला नव्हता. हळूहळू स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं होतं. पोर तेव्हा दारातच उभी होती, हे तर त्याच्या ध्यानातही नव्हतं.

बोलायला दोन तास होते. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. शाळेचं विचारलं की हं म्हणायची. एक वाजता नाना उठले.

"पुढच्या म्हैन्यात येशील?"

तिनं नानांकडं बघितलं आणि चालू लागली.

तो महिना तसाच सरत आला. दुसऱ्या धरण्याला कुंडलिक बोलवायला आला तेव्हा लियाकत म्हणाला, "तू जा. तुझं खरं हाय. माझं अर्धंच खरं हाय."

एका दुपारी त्यानं रिकामी जीप कामथडीच्या फाट्यावरून आत घातली. सासरे घरी नव्हते. हसीना दारात आली. तिचा डावा हात अजून पुरता सरळ होत नव्हता. लियाकत उंबऱ्याबाहेरच थांबला.

"हसीना, म्या तुला ढकललं. तुझा हात म्या मोडला. कोर्टात बोललो न्हाई, आज बोलतो."

तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरला. मग म्हणाली, "ही भाषा तवा आली असती तर मी गेलेच नसते."

"सानियाला बोलव. तिच्याम्होरं पुन्हा बोलतो."

"ती हितं न्हाई. सोमवारी मिरजेला आपाकडं, तिच्या मावशीकडं धाडली. तिकडंच शाळेत घातली." हसीनानं दाराची कडी धरली. "तिनंच हट्ट धरला. तिकडं मला कुणी वळखत न्हाई म्हणाली."

लियाकतला वाटलं, पत्ता मागावा. ओठांवर आलं होतं. मागितला नाही.

"बरी हाय ना?" एवढंच त्यानं विचारलं.

"रडते," हसीना म्हणाली, आणि आत गेली.