शिक्क्याची प्रत

रविवार होता. अंगणातल्या बेरुगाकवर, चार खांबांच्या उघड्या बैठकीवर, आई कांगकुंगच्या पालेभाजीची पानं निवडत होती आणि पंधरा वर्षांची मुलियाना थोरल्या बहिणीचं प्रकरण मोठ्याने वाचत होती. सुहाएनीची ही पद्धतच होती. मातारामच्या विद्यापीठात ती संशोधन पदवीसाठी प्रबंध लिहीत होती आणि लिहिलेलं प्रत्येक पान आधी धाकटीच्या तोंडून ऐकायची. मुलियाना अडखळली की ते वाक्य मोडून पुन्हा लिहायची.

"'दासान तलागा वस्तीत माझ्याबरोबर शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलींना शाळा संपण्याआधीच नेलं गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही.'" मुलियानाने मान वर केली. "ताई, ही तर आपल्या नुर्माची गोष्ट."

"नाव कुठे आहे तिचं?"

"नाव कशाला हवं? ती दिसतेच की."

"तू आधी गणितात पास हो," आई म्हणाली. "मग बहिणीची परीक्षा घे."

नुर्मा शेजारची. संध्याकाळी मुलाने मुलीला न्यायचं, नातेवाइकाच्या घरी ठेवायचं आणि मग मुलीच्या घरी निरोप धाडायचा, ही इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरच्या ससाक लोकांतली जुनी रीत. एक रात्र उलटली की मुलीला परत आणणं दोन्ही घरांना लाजिरवाणं. अशीच नेलेली नुर्मा सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली, तेव्हा वस्तीने बसून नियम केला होता: मुलगी वयाने लहान असेल, तर मुखियाने स्वतः जाऊन तिला परत आणायचं. तो नियम वापरायची वेळ अजून आली नव्हती.

सुहाएनीचे मार्गदर्शक प्राध्यापक विरानाता सज्जन होते. आलेल्या विद्यार्थ्याला स्वतः चहा ओतून देत. त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्यांच्या विभागात गुरू शिष्याला चुकलास म्हणत नसे आणि शिष्य गुरूला का म्हणून विचारत नसे. दोन्ही बाजूंनी याला संस्कार म्हणत. सुहाएनीच्या पानांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: थोडं मृदू करा.

"काय चुकलं, सर?" तिने धीर करून विचारलं.

"चुकलं काहीच नाही, बाळ. पण हे वर्तमानपत्रासारखं वाटतं. शास्त्रीय लेखनात आपण कुणाला दुखवत नाही."

"मुलींना विचारलं नव्हतं, हे मुलाखतींत आहे."

"असेल ना. पण परीक्षक इथलेच आहेत. त्यांच्याही घरात अशी लग्नं झाली असतील. 'स्थानिक शहाणपण' हा शब्द घेऊन बघ. त्यात सगळं बसतं."

सुहाएनीने मान तुकवली. ती मेहनती होती. लेखनकौशल्याच्या कार्यशाळेला बसली, जुने नावाजलेले प्रबंध वाचले, त्यांची वळणं उचलली. आधी 'मी' गेली. मग 'विचारलं नाही' गेलं. पानं दर वेळी समासातली तीच पेन्सिल घेऊन परत येत आणि ती दर वेळी आणखी काही कमी करी. शेवटी नुर्माच्या जागी हे वाक्य उरलं: 'अल्पवयातील विवाहाची ही प्रथा कुटुंबांमधील सलोखा टिकवणारे स्थानिक शहाणपण म्हणून समजून घेता येते.'

मुलियानाने ते एका दमात वाचलं, कुठेही न अडखळता.

"यात काय म्हटलंय?"

"तेच. जरा वेगळ्या भाषेत."

"मला नाही कळलं. म्हणजे चांगलं झालं असणार. नुर्मा पण दिसत नाही आता."

सुहाएनी हसली. वाक्य मोडून पुन्हा लिहायला हवं होतं. या खेपेला तिने लिहिलं नाही.

पदवी विशेष गुणांनी मिळाली. "आता तुला लिहिता येतं," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. रिवाजाप्रमाणे तिने प्रबंधाची बांधीव, विद्यापीठाचा शिक्का असलेली एक प्रत वस्तीचा मुखिया अमाक साप्रुदिन याला आभार म्हणून नेऊन दिली. त्याने ती कपाळाला लावली.

पुढच्याच हंगामात, एका शनिवारी, मुलियाना शिकवणीहून परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडचा एक वयस्क नातेवाईक निरोप घेऊन आला: मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे, लग्नाची बोलणी करू. मग खाली बघत म्हणाला, "तिने गणिताचं पुस्तक मागितलंय. उद्या परीक्षा आहे म्हणते."

सुहाएनी आईला घेऊन तशीच मुखियाकडे गेली. वडील मलेशियात पामच्या मळ्यावर होते. बोलायला या दोघीच होत्या.

"अमाक, नियम तुम्हीच केलाय," आई म्हणाली. "तिला घेऊन या. ती पुस्तक मागतेय. तिला यायचंय घरी."

साप्रुदिन वाईट माणूस नव्हता. त्याने दोघींना बसवलं, कॉफी मागवली.

"इनाक सुहाएनी," लेकीच्या नावाने आईला हाक मारत तो म्हणाला, "नियम केला तेव्हा आम्ही सगळे रडत होतो. आता मुलाकडचे म्हणतात, रीत मोडलीत तर दोन वस्त्यांत वैर होईल. मला काय समजतंय? म्हणून शिकलेली माणसं काय म्हणतात ते बघितलं." त्याने कपाटातून कापडात गुंडाळलेली प्रत काढली आणि खूण घातलेलं पान उघडून ते वाक्य सावकाश वाचून दाखवलं. "तुमच्याच लेकीने लिहिलंय. वर शिक्का आहे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं," सुहाएनी म्हणाली.

"मग काय म्हणायचं होतं?"

"मुलींना कुणी विचारत नाही. त्या मरतात. असं."

"ते इथे कुठे आहे?"

तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. आई तिच्या हातांकडे बघत होती.

"बहिणीच्या मायेत माणूस काहीही बोलतो," साप्रुदिन समजुतीने म्हणाला. "हे तू शांत डोक्याने लिहिलंस."

गणिताचं पुस्तक निरोप्याबरोबर गेलं. परीक्षेला मुलियाना बसली नाही. लग्नात ती ताईशी एकच वाक्य बोलली, "नियम होता ना गं?"

सुहाएनी प्राध्यापकांकडे गेली. प्रबंधात दुरुस्ती करायची आहे म्हणाली. त्यांनी चहा ओतला. "पदवी दिली गेली, बाळ. आता काय मृदू करणार?" एवढंच म्हणाले. तिला वाक्य मृदू नाही, उलटं करायचं होतं. पण ते तिने सांगितलं नाही.

वर्षाअखेर मुखियाचा फोन आला. पलीकडच्या वस्तीतही असंच प्रकरण उभं राहिलं होतं, मुलगी चौदाची. तिथल्या मुखियाला प्रबंधाची एक प्रत हवी होती.

सुहाएनीने बेरुगाकवर वाचलेली पहिली पानं शोधून काढली, ज्यांत नुर्मा दिसत होती. मुलियानाच्या कॉफीचा डाग पडलेलं पान सर्वांत वर ठेवलं आणि ती सगळी त्या मुखियाला पाठवून दिली.

चार दिवसांनी पाकीट परत आलं. पानं जशीच्या तशी होती. सोबत आदराने लिहिलेल्या दोन ओळी होत्या: ही नकोत. शिक्क्याची प्रत पाठवावी.